नववी ब, एक डबा आणि स्थितांबर : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

छत्रपती संभाजीनगरातल्या कुठल्याही शाळेत ‘सर, आपण पण अवकाशात काहीतरी पाठवू ना’ असं पोरं कधी म्हणणार, ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. टीव्हीवर इस्रोचं उड्डाण दाखवलं की दुसऱ्या दिवशीचा विज्ञानाचा तास. त्या दिवशी जाणत्या शिक्षकाने किरकोळ रजा टाकावी. ते जमलं नसेल आणि तोंडातून ‘बघू’ एवढा एकच शब्द निसटला असेल, तर पुढची मार्गदर्शिका तुमच्यासाठी आहे. नववी ब ‘बघू’चा अर्थ ‘ठरलं’ असाच घेते.

शब्द जपून वापरा. अवकाशाची वेस शंभर किलोमीटरवर मानतात. तिला कारमान रेषा म्हणतात. रबरी फुग्याला बांधलेला तुमचा डबा जाईल तीस किलोमीटर, नशीब जोरावर असेल तर तेहतीस-चौतीस. म्हणजे मुंबईचं तिकीट काढून मनमाडला उतरण्यासारखं. पण हे मनमाडही काही कमी नाही. तिथून वर हवेचा जेमतेम एक टक्का उरतो, भर दुपारी आभाळ काळं दिसतं आणि पृथ्वीची कड वाकलेली दिसते. त्या थराला भूगोलाच्या पुस्तकात स्थितांबर म्हणतात. तेव्हा फलकावर ‘स्थितांबर मोहीम’ असं लिहा. बातमीत ‘विद्यार्थ्यांची अवकाशात गरुडझेप’ असंच छापून येणार, तो भाग आपल्या हातात नाही.

हे कुणी केलेलं नाही असंही पोरांना सांगू नका, कारण ती मोबाइलवर शोधतात. २००९ साली स्पेनमधल्या कातालोनियात एका शाळेच्या मुलांनी आपल्या शिक्षकाबरोबर कॅमेऱ्याचा डबा तीस किलोमीटरच्या वर धाडला आणि परतही आणला. २०१२ च्या जानेवारीत टोरोंटोच्या दोन मुलांनी लेगोचा बाहुला चोवीस किलोमीटरवर नेऊन त्याचा फोटो काढला. आपल्याकडे ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रामेश्वरमहून शंभर इवले ‘उपग्रह’ फुग्याने वर गेले. देशभरातल्या हजार विद्यार्थ्यांनी ते जोडले होते, महाराष्ट्रातली बरीच मुलंही त्यात होती. एकेक डबी चार सेंटिमीटरची, वजन पंचवीस ते ऐंशी ग्रॅम. त्या दिवशी विक्रमांची प्रमाणपत्रं किती मिळाली ते सगळीकडे छापून आलं. डब्यांनी वर जाऊन मोजलं काय, हे शोधायला मात्र बातमी शेवटपर्यंत वाचावी लागत होती. नववी ब ने हा क्रम उलटा ठेवावा, एवढंच आमचं मागणं.

साहित्य. बाराशे ग्रॅम वजनाचा हवामानखात्याच्या जातीचा लॅटेक्सचा फुगा एक. हेलियमचं सिलिंडर एक. पॅराशूट, दोरी, छोटा कॅमेरा, जागा कळवणारं यंत्र, तापमान आणि दाब नोंदवणारं यंत्र. डबा. आणि सही करणारा माणूस. तो सगळ्यात शेवटी मिळतो.

डबा थर्माकोलचाच हवा. २०१८ च्या बंदीपासून थर्माकोलच्या ताटल्या आणि मखरं गेली, पण मेडिकलवाल्याकडे बर्फातल्या औषधांची खोकी येतात, ती तो खुशीने देतो. भिंत दोन बोटं जाड, झाकण घट्ट, कॅमेऱ्यापुरतं एक भोक. सगळं मिळून वजन एक किलोच्या आत. शाळेत अटल लॅब असेल तर फारच छान: सरकारने वीस लाखांपर्यंत अनुदान देऊन ती याच कामासाठी काढून दिलेली असते. किल्ली कोणाकडे आहे याचा तपास मात्र दोन आठवडे आधी सुरू करा.

दोरी म्हणून कोणी हुशार पोरगं घरातला नायलॉन मांजा आणेल. ‘सर, तुटतच नाही!’ तुटत नाही म्हणूनच त्यावर बंदी आहे. जप्त करा आणि साधी सुती किंवा विणलेली दोरी घ्या.

हेलियम वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत औद्योगिक वायू विकणाऱ्यांकडे विचारा. जत्रेतल्या फुगेवाल्याकडे जाऊ नका. तो कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम घालून हायड्रोजन तयार करतो आणि त्या टाक्या फुटतात. मराठवाड्यात अशा स्फोटात माणसं दगावली आहेत. या एका सूचनेत विनोद नाही.

हेलियम आपल्या देशात बाहेरून येतो म्हणून महाग. बिल बघून मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला तर त्यांना विजयदुर्गाची गोष्ट सांगा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात या वायूची वर्णपटातली पिवळी रेघ पहिल्यांदा दिसली. लॉकियर या इंग्रज साहेबाने ती विजयदुर्गावरून पाहिली असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात, किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, दरवर्षी त्या तारखेला कार्यक्रमही होतो. खरं तर त्या ग्रहणात जान्सेन हा फ्रेंच माणूस गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता आणि लॉकियरने ती रेघ ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून पाहिली. हे दुसरं वाक्य बिलावर सही झाल्यानंतर सांगा.

डब्यात काय ठेवायचं यावर वर्गात मतदान घेऊ नका. यादीत गणपती येतो, महाराजांचा फोटो येतो, झेंडा येतो, कोणाच्या तरी आजीची जपमाळ येते आणि कुरकुऱ्यांचं पाकीट येतं. पूज्य वस्तूंना सरळ नकार द्यावा, कारण डबा शेवटी कुणाच्या तरी शेतातल्या चिखलात पडतो आणि मग उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात. कुरकुऱ्यांचं पाकीट मात्र कॅमेऱ्यासमोर अवश्य बांधा. बाहेरचा दाब कमी होत गेला की ते फुगत फुगत फुटतं, आणि दाबाचा धडा शिकवायचे तुमचे दोन तास वाचतात. तूर-ज्वारीचं बियाणं पाठवायचं असेल तर त्याच पुडीतलं तेवढंच बियाणं शाळेतही ठेवा आणि दोन्ही शेजारी शेजारी पेरा. नाहीतर उगवलेल्या प्रत्येक रोपाचं श्रेय स्थितांबर घेऊन जाईल.

परवानग्या. आतापर्यंतचं सगळं सोपं होतं.

१९३४ च्या विमान कायद्यातली ‘विमान’ या शब्दाची व्याख्या वर्गात मोठ्याने वाचा. तीत फुगा आहे, बांधलेला आणि मोकळा दोन्ही. ग्लायडर आहे. आणि पतंगसुद्धा आहे! म्हणजे संक्रांतीला गुलमंडीपासून सिडकोपर्यंत गच्चीगच्चीवर जे चालतं, ते त्या कायद्याच्या भाषेत विमानोड्डाण होतं. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. पतंग उडवणाऱ्यांनी दोन्हींची दखल घेतलेली नाही. तुम्हाला घ्यावी लागेल, कारण पतंग गच्चीच्या वर राहतो आणि तुमचा फुगा विमानांच्या वाटा ओलांडून जातो. आंतरराष्ट्रीय नियमांत चार किलोच्या आतलं ओझं ‘हलकं’ धरतात. पण हलकं म्हणजे बिनपरवाना नव्हे. चिकलठाणा विमानतळावरचा नियंत्रण कक्ष, दिल्लीचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, जिल्हाधिकारी, पोलीस, सगळीकडे अर्ज जातो. वैमानिकांना सूचना निघाल्याशिवाय फुगा सोडायचा नाही. अर्जात ‘सॅटेलाइट’, ‘रॉकेट’, ‘लाँच’ हे शब्द आले की फाइल वरच्या टेबलावर जाते. ‘हवामान निरीक्षणाचा फुगा, शालेय प्रयोग’ असं लिहा. ते खरंही आहे. हवामानखात्याचे फुगे याच कामासाठी रोज वर जातात, त्यामुळे कारकुनालाही ओळखीचं वाटतं.

अर्ज कशाला, गुपचूप सोडू, असं म्हणणारा एक सहकारी प्रत्येक शिक्षकखोलीत असतो. त्याला फेब्रुवारी २०२३ ची हकिगत ऐकवा. अमेरिकेवर आलेल्या चिनी फुग्याच्या गडबडीनंतर अमेरिकी लढाऊ विमानाने कॅनडाच्या युकॉन भागावर उडणारी एक वस्तू क्षेपणास्त्राने पाडली. ती इलिनॉयमधल्या हौशी मंडळाचा डझनभर डॉलरचा फुगा असावी, असा दाट संशय आहे. क्षेपणास्त्राची किंमत चार लाख डॉलरच्या घरात. आपल्याकडे एवढा खर्च कोणी करणार नाही, पण चौकशीला बोलावतील, आणि ती शनिवारच्या सकाळच्या शाळेच्या वेळात असेल.

परदेशी व्हिडिओत दिसतो तसा उपग्रहाशी बोलणारा ट्रॅकर मागवू नका. उपग्रहावरून संदेश देणारी यंत्रं आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगणं हाच गुन्हा आहे. पर्यटकही त्यापायी विमानतळांवर अडकले आहेत. मोकळ्या लहरींवर चालणारा छोटा प्रेषक किंवा परवानाधारक हॅम रेडिओवाला, हे दोन सरळ मार्ग. जीपीएसची चिप घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: अठरा किलोमीटरच्या वर चालते का? क्षेपणास्त्रात वापरता येऊ नयेत म्हणून बऱ्याच चिपा त्या उंचीवर मुद्दाम मुक्या होतात. दुकानदार ‘चालते ना सर’ म्हणेल. त्याने अठराव्या किलोमीटरवर जाऊन पाहिलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

वारा. पावसाळ्यात ही गोष्ट काढूच नका. त्या दिवसांत वरचा वारा पूर्वेकडून येतो आणि डबा वैजापूर, येवला, नाशिककडे ढकलतो. खाली ढग, चिखल आणि उभी पिकं. शिवाय पाऊस लांबला की इथलं आभाळ नाजूक विषय होतो. २०१५ आणि २०१९ साली कृत्रिम पावसाची विमानं इथूनच उडाली, २०१५ ला तर विभागीय आयुक्तालयावर रडार बसलं होतं. अशा वर्षी वर काही सोडताना दिसलात, तर लोक पावसाचाच हिशोब मागतील.

डिसेंबर ते फेब्रुवारी हे आपले महिने. बारा किलोमीटरच्या आसपास पश्चिमेकडून जोराचा वारा वाहत असतो, तो डब्याला पूर्वेला नेतो. विमानतळ मागे टाकायचा म्हणून फुगा करमाडच्या पुढे सोडायचा असं धरा. नकाशावर तिथून सरळ पूर्वेला पट्टी ठेवा: जालना, सिंदखेडराजा, आणि शंभर किलोमीटरवर लोणार. आकाशातून एक वस्तू जिथे आधीच येऊन पडलेली आहे, पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा करून, नेमकी तीच दिशा. डबा विवरातच उतरला तर ते अभयारण्य आहे. वनखात्याचा अर्ज खिशात ठेवा. वाटेत खडकपूर्णा धरणही लागतं. थर्माकोल तरंगतो, कॅमेरा तरंगत नाही.

सोडण्याची सकाळ. वारा पडलेला असताना, म्हणजे उजाडता उजाडता, काम उरकायचं. जमिनीवर स्वच्छ चादर अंथरा. फुग्याला उघड्या हाताने शिवायचं नाही. हाताचं तेल आणि नखं दोन्ही त्याचे वैरी. सुती मोजे घाला. मोजे चौघांसाठी आणा आणि चौघंच आत राहतील असं पाहा. पस्तीस जणांना फुगा धरायचा असतो.

किती वायू भरायचा हे डोळ्यांनी ठरवू नका. एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो उचलतो. फुग्याचं स्वतःचं वजन बाराशे ग्रॅम, डबा-पॅराशूट एक किलो, आणि सेकंदाला पाच मीटर वेगाने वर सरकायला बाराशे ग्रॅमचा जादा जोर. बेरीज चौतीसशे. म्हणजे साडेतीन घनमीटरला थोडा कमी, सात घनमीटरच्या सिलिंडरातला निम्मा. आता युक्ती अशी: पाण्याच्या बाटल्या भरून बरोबर दोन किलो दोनशे ग्रॅमचं ओझं करा आणि फुग्याच्या तोंडाला लटकवा. फुगा भरत जातो, ताणतो, बाटल्यांचं बूड जमिनीवर सरकू लागतं, मग एक बाटली उठते, दुसरी टेकलेली असते. दोन्ही अधांतरी राहिल्या, ना वर ना खाली, की कॉक बंद. मानेला आधी दोरीने आवळा, मान दुमडा, पुन्हा आवळा. कमी भरला तर फुगा तरंगत परभणीपर्यंत जाईल. जास्त भरला तर लवकर फुटेल. बाटल्या वर उठतात त्या क्षणी मागच्या रांगेतलं, कधीच हात वर न करणारं पोरगं विचारतं, ‘सर, म्हणजे हवाच वजन उचलतीय का?’ तेवढ्यासाठी पाच मिनिटं थांबा. आर्किमिडीज वर्षभर थांबला होता.

खाली असताना फुगा माणसाच्या उंचीएवढा असतो. वर जाताना पसरत तो सात-आठ मीटर रुंद होतो आणि मग फुटतो. चढायला पावणेदोन तास, उतरायला पाऊण. या वेळात भाषणं उरकून घ्यावीत. प्रमुख पाहुणे उशिरा आले तर फुगा त्यांच्यासाठी थांबवू नये. उन्हं चढली की वारा सुटतो. नारळ मात्र लांब फोडा.

शोध. समृद्धी महामार्गाने पाठलाग करावा हे मनात येणारच. त्यावर दुचाकीला बंदी आहे. विज्ञानाच्या शिक्षकाकडे दुचाकीच असते. तेव्हा कोणाच्या तरी काकांची जीप आदल्या दिवशी ठरवा, डिझेलसह.

थर्माकोल पांढरा, पॅराशूट पांढरं, आणि जानेवारीत जालना-बुलढाण्याच्या रानात वेचणीला आलेला कापूस. यंत्र पन्नास मीटरच्या आत आणून सोडतं आणि तुम्ही चौघं तासभर त्याच वावरात फिरता. म्हणून डबा भगवा-पिवळा जो मिळेल त्या रंगाने रंगवा आणि एक शिट्टीसारखा वाजणारा बझर बसवा. वर मराठीत ठळक लिहा: शाळेचं नाव, ‘हवामानाचा प्रयोग’, फोन नंबर. ‘हा बॉम्ब नाही’ असं लिहू नका. लांबून वाचणाऱ्याला तिसरा शब्द दिसत नाही.

२ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला आकाशातून मोठी धातूची रिंग पडली, आसपास गोळे सापडले; चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत असं निघालं. तेव्हापासून वरून पडलेल्या वस्तूकडे लोक गमतीने पाहत नाहीत. तुमच्या आधी तिथे पोलीस पाटील पोचलेले असतील. फोन साधारण असा येतो:

‘गुरुजी, ते लाल खोकं तुमचं हाय का?’

‘हो दादा, आमचंच. हात नका लावू, आम्ही निघालोच.’

‘हात कशाला लावू? त्यावर कुरकुऱ्याचं फाटकं पाकीट हाय. पण तुरीच्या दोन वळी मोडल्यात बघा.’

तुरीचे पैसे हेलियमच्या बिलाशेजारीच धरून ठेवा, आणि शेतकऱ्याला डब्यातला पहिला फोटो छापून पाठवा. दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात.

फळा. इथपर्यंत आलेल्या बहुतेक मोहिमा इथेच संपतात: पृथ्वीच्या गोल कडेचा फोटो मोठा करून मुख्याध्यापकांच्या खोलीत लागतो आणि तापमानाची नोंद कार्डातच राहते. कॅमेऱ्याआधी ती नोंद उघडा. आलेख संगणकाला काढू देऊ नका. फळ्यावर, खडूने, एकेका मुलाकडून एकेक बिंदू. उंचीबरोबर थंडी वाढते हे पोरांना पाठ आहेच. सतरा किलोमीटरच्या आसपास उणे पंचाहत्तर, उणे ऐंशी. मग ज्याची पाळी येते तो बिंदू चुकला म्हणून सगळा वर्ग ओरडतो, कारण तापमान पुन्हा वर चढू लागलेलं असतं. तो चुकलेला नसतो. तपांबर, म्हणजे हवेचा सगळ्यात खालचा थर, तिथे संपतं. पुढची ऊब ओझोनची: तो सूर्याचे अतिनील किरण शोषतो आणि तापतो. हे वाक्य पुस्तकात छापलेलंच आहे; फरक एवढा की आता ते नववी ब च्या अक्षरात आहे.

कोणी विचारेल, वर जीवजंतू असतात का, आपल्या डब्यात आले असतील का? आले असतील तर ते करमाडचे. खरं उत्तर शोधायला काय लागतं ते जयंत नारळीकरांच्या प्रयोगात पाहा. २००१ च्या जानेवारीत हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून त्यांच्या गटाने फुगा सोडून एकेचाळीस किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. २० एप्रिल २००५ ला पुन्हा: ४५९ किलोचं सामान, निर्जंतुक करून निर्वात केलेली पोलादी नळकांडी, ती गार ठेवायला ३८ किलो द्रवरूप निऑन. त्यातून जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती निघाल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. एवढं होऊनही ते जीव पृथ्वीबाहेरून आले हे या प्रयोगाने निर्विवाद सिद्ध होत नाही, असं इस्रोने २००९ साली जाहीर करताना स्पष्ट सांगितलं. तुमच्या अहवालातही हाच नियम पाळा. जेवढं कार्डात आहे तेवढंच लिहायचं. आठव्या किलोमीटरला कॅमेरा गारठून बंद पडला असेल तर तेही लिहायचं. जिल्हा प्रदर्शनातला परीक्षक बहुधा तेवढंच वाचून थांबतो.

आता शेवटची सूचना, ती शाळेसाठी नाही. हैदराबादच्या केंद्रातून संशोधनाचे मोठे फुगे हिवाळ्यात अजूनही सुटतात आणि त्यांचं सामान लांब दोरीच्या पॅराशूटने सोलापूर, लातूर, नांदेडकडच्या रानातही उतरतं. त्यात नाजूक उपकरणं असतात, काहींत जास्त दाबाची वीजही. तेव्हा शेतात असं काही पडलेलं दिसलं, शाळेचं असो की संस्थेचं, तर उघडू नका, घरी नेऊ नका. वरचा नंबर लावा किंवा पोलीस ठाण्यात कळवा. हैदराबादवाले कळवणाऱ्याला बक्षीसही देतात. नववी ब बहुधा फोटो देईल.